ॲक्सिडेंटच्या क्लेमसाठी वकील निवडताना त्याने तुम्हाला काय विचारलं ते बघा

ताई, तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं. तुमचे मिस्टर ३८ वर्षांचे, एसी दुरुस्तीची कामं स्वतःच घेतात. घोडबंदर रोडवर मानपाड्याजवळ कारने मागून स्कूटरला ठोकलं, पायात रॉड बसवलाय, अजून वॉकरवर आहेत. राहायला ऐरोलीला. हॉस्पिटलमध्येच एक माणूस येऊन "पंधरा लाख मिळवून देतो, आधी एक रुपया नको, नंतर पंचवीस टक्के आमचे" असं सांगून वकीलपत्राचा कोरा फॉर्म सहीसाठी ठेवून गेला. तुमच्या सोसायटीचं काम बघणारे वकील ओळखीचे आहेत. आणि दीर म्हणतात की कोर्टाच्या भानगडीत न पडता विमा कंपनी देईल ते घ्या. आता कुणाचं ऐकायचं, हा तुमचा प्रश्न.

मी नोकरीची बरीच वर्षं एका विमा कंपनीच्या मोटार थर्ड पार्टी विभागात काढली. म्हणजे ठाण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्जदाराच्या समोरच्या बाजूला. कोणत्या वकिलाची फाईल आली की आमच्याकडे सगळे सावध व्हायचे आणि कोणाची आली की निर्धास्त असायचे, हे मी जवळून पाहिलंय. मोठ्या ऑफिसची किंवा मोठ्या आवाजाची कुणाला काळजी नसायची. काळजी वाटायची ती डॉक्टरला साक्षीला आणणाऱ्या वकिलाची.

असं का, ते आकड्यांतून सांगतो. जखमी माणसाच्या दाव्यात सगळ्यात मोठी रक्कम असते ती पुढच्या कमाईच्या नुकसानीची. ती काढायची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलेली आहे. २००९ च्या सरला वर्मा निकालात वयानुसार गुणक दिला, म्हणजे वर्षाच्या कमाईला कितीने गुणायचं तो आकडा. ३६ ते ४० वयाला तो १५ आहे. २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे ४० च्या आतल्या स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याच्या उत्पन्नात भविष्यातल्या वाढीसाठी ४० टक्के मिळवतात, आणि कायमचं अपंगत्व आलेल्या जखमींनाही ही वाढ मिळते, हे नंतरच्या निकालांत स्पष्ट झालंय. समजा मिस्टरांची कमाई महिना २०,००० सिद्ध झाली. ४० टक्के मिळवून २८,०००, वर्षाचे ३,३६,०००, गुणिले १५ म्हणजे ५०,४०,०००. यातले किती टक्के मिळणार, ते अपंगत्वामुळे कमाईची क्षमता किती गेली यावर ठरतं. ३० टक्के धरली तर १५,१२,०००. आता हाच माणूस, हाच पाय, पण उत्पन्नाचा पुरावा नाही म्हणून न्यायाधिकरणाने अंदाजाने १२,००० धरले, आणि अपंगत्वाच्या दाखल्यावरचे १५ टक्केच उचलले, तर रक्कम होते ४,५३,६००. उपचाराचा खर्च, वेदना, बुडालेला रोजगार हे वेगळं. पण दहा लाखांच्या वरचा हा फरक कायद्याच्या युक्तिवादातून येत नाही, तो पुराव्यातून येतो.

अपंगत्वाचे टक्के ही इथली सगळ्यात महत्त्वाची जागा, म्हणून जरा थांबतो. सिव्हिल हॉस्पिटलच्या दाखल्यावर येतात ते शरीराच्या अपंगत्वाचे टक्के. कमाईचं नुकसान वेगळं असतं. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार निकालात न्यायालयाने हे फार स्वच्छ सांगितलंय: डावा हात गेला तर ड्रायव्हरची किंवा सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण जाते, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. तुमच्या मिस्टरांना शिडीवर चढावं लागतं, बाहेरचं युनिट उचलावं लागतं, खिडकीच्या बाहेर वाकून काम करावं लागतं. गुडघा पूर्ण वाकत नसेल तर दाखल्यावरचे १५ टक्के त्यांच्या धंद्यात कितीतरी जास्त होतात. पण हे न्यायाधीशांना कुणीतरी सांगावं लागतं, आणि ते सांगणारा माणूस म्हणजे ऑपरेशन केलेला किंवा तपासलेला डॉक्टर. नुसता दाखला जोडला आणि डॉक्टर आलाच नाही, तर विमा कंपनीचा वकील म्हणतो, "दाखला सिद्ध झालेला नाही," आणि बहुतेक वेळा ते चालून जातं. डॉक्टर येत नसेल तर समन्स काढता येतं, कमिशन, म्हणजे साक्ष नोंदवायला खास माणूस, नेमून त्याच्या सोयीने साक्ष घेता येते. हे सगळं करायला वकिलाला कष्ट पडतात, तारखा पाळाव्या लागतात. ज्याच्याकडे फाईलींचा ढीग आहे आणि जो टक्क्यांवर काम करतो, तो हे कष्ट टाळतो, कारण कमी रकमेवरही त्याचा हिस्सा सुटतोच.

म्हणून पहिल्या भेटीत वकील काय सांगतो यापेक्षा काय विचारतो ते ऐका. चांगला वकील एफआयआर आणि घटनास्थळाचा पंचनामा मागेल, आणि पंचनाम्यात स्कूटर कुठे पडली, कारचा पुढचा भाग कुठे चेपला, हे तुमच्यासमोर वाचेल. मागून धडक आहे हे पंचनाम्यातून दिसलं तर "स्कूटरवाल्याने अचानक लेन बदलली" हा विमा कंपनीचा नेहमीचा बचाव तिथेच लंगडा पडतो. तो मिस्टरांचं लायसन्स विचारेल, हेल्मेट होतं का विचारेल. कारची पॉलिसी अपघाताच्या दिवशी चालू होती का ते तपासेल, कारण ती संपलेली असेल तर वसुली कारमालकाकडून करावी लागते आणि ती लढाई वेगळी. तो धंद्याबद्दल खोदून विचारेल: रिटर्न भरता का, यूपीआयवर पैसे येतात का, कुठल्या दुकानाकडून किंवा कंपनीकडून नेहमी काम मिळतं, तिथला कुणी साक्षीला येईल का. उत्पन्नाचा दाखला कागदावर नसला तरी बँकेच्या स्टेटमेंटमधून आणि अशा साक्षीतून कमाई उभी करता येते. आणि तो मेडिक्लेमबद्दल विचारेल. बिलं मेडिक्लेममधून भरली गेली असतील तरी मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये निर्णय दिलाय की ती रक्कम नुकसानभरपाईतून वजा करता येणार नाही. मूळ बिलं मेडिक्लेमवाल्यांकडे गेली असतील तर त्यांच्याकडून शिक्का मारलेल्या प्रती आत्ताच मागून घ्या, नंतर फार त्रास होतो.

याउलट, कागद न बघता जो पहिल्या पाच मिनिटांत रकमेचा आकडा सांगतो, त्याच्याकडून उठून या. जखम अजून भरलेली नाही, अपंगत्व किती राहील हे डॉक्टरही आज सांगू शकत नाही, मग आकडा आला कुठून?

त्या पंचवीस टक्क्यांबद्दल स्पष्ट सांगतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही आणि मिळणाऱ्या रकमेत वाटाही घेता येत नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टक्केवारीची अशी फी बेकायदा असल्याचं बी. सुनीता प्रकरणात पुन्हा सांगितलंय. हॉस्पिटलमध्ये माणसं पाठवून पक्षकार गोळा करणं हेही त्याच नियमांत निषिद्ध आहे. हे सर्रास चालतं, मला माहीत आहे. ज्यांच्या घरात कमावता माणूस अंथरुणावर आहे त्यांना "आधी काही देऊ नका" हे वाक्य मोठा आधार वाटतं, आणि त्याचाच फायदा घेतला जातो. पण ज्याने तुमची ओळख कॉटवर पडलेल्या माणसाची सही घेण्यापासून सुरू केली, त्याच्या मागे वकील नेमका कोण, हेही तुम्हाला माहीत नाही. तो कोरा फॉर्म भरू नका. सही झालीच असेल तर घाबरू नका, वकील बदलण्याचा हक्क तुमचा आहे. फीचा वाद असला तरी वकील तुमची कागदपत्रं अडवून ठेवू शकत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात ठरवलंय.

फी टप्प्याटप्प्याने ठरवा. दाव्याच्या वेळी काही, पुराव्याच्या टप्प्यावर काही, युक्तिवादाच्या वेळी उरलेली. झेरॉक्स, डॉक्टरांच्या साक्षीचा खर्च वेगळा. हे एका कागदावर लिहून घ्या, पावती मागा. चांगले वकील याला नाही म्हणत नाहीत, आणि परिस्थिती बघून सांभाळूनही घेतात. तेही झेपत नसेल तर ठाण्याला जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर तिथून मोफत वकील मिळतो. अपंग व्यक्तींना आणि स्त्रियांना उत्पन्नाची अटच नाही. मोफत म्हणजे कमी प्रतीचा, हा समज सोडा. तिथल्या वकिलालाही हेच प्रश्न विचारा आणि त्याच कसोटीवर पारखा.

सोसायटीचे वकील सज्जन असतील, पण सोसायटीच्या सभासदांचे वाद आणि अपघाताचा दावा यांत फार अंतर आहे. त्यांना सरळ विचारा की आतापर्यंत दावा न्यायाधिकरणात किती प्रकरणं चालवली, आणि त्यांत डॉक्टरची साक्ष स्वतः किती वेळा घेतली. त्यांनी दुसऱ्या कुणाचं नाव सुचवलं तर त्याचा राग मानू नका, तो त्यांचा प्रामाणिकपणा समजा. ज्याचं नाव मिळेल ते घरबसल्या तपासता येतं. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर महाराष्ट्र, मग ठाणे जिल्हा निवडा आणि वकिलाच्या नावाने शोधा. चालू आणि निकाली दोन्ही प्रकरणं दिसतात. एमएसीपी असं लिहिलेली प्रकरणं म्हणजे अपघाताचे दावे. त्यातले दोन-तीन निकाल उघडून वाचा. इंग्रजी असले तरी कुणा शिकलेल्या भाच्या-पुतण्याला बसवा. डॉक्टरचं नाव साक्षीदारांत आहे का, उत्पन्न कशावरून धरलं, एवढं बघितलंत तरी वकिलाचं काम समोर येतं. गैरहजेरीमुळे फेटाळलेले दावे बरेच दिसले तर ते नाव सोडून द्या. कोर्टनाक्यावर एक दिवस जाऊन न्यायाधिकरणाच्या दालनात मागे बसलात तर आणखी बरं. कोण स्वतः उभा राहतो आणि कोण ज्युनियरला पाठवून पुढची तारीख मागतो, हे एका सकाळीत दिसतं.

दिरांचं म्हणणं पूर्ण चुकीचं नाही. तडजोड वाईट नसते, मी स्वतः कंपनीच्या बाजूने अनेक तडजोडींवर बसलोय आणि लोकांना वेळेत पैसे मिळालेले पाहिलेत. पण तडजोडीची रक्कम ठरते ती फाईलमध्ये काय आहे त्यावर. उपचार चालू असताना, अपंगत्वाचा दाखला नसताना, कंपनी जे देऊ करेल ते बिलांच्या आसपासचं असेल. आणि अशा तडजोडी जिथे होतात त्या राष्ट्रीय लोकअदालतीत एकदा सही झाली की तो निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही. नंतर रॉड काढायचं ऑपरेशन निघालं तरी पुन्हा मागता येत नाही. तेव्हा आधी दावा दाखल होऊ द्या, दाखला आणि डॉक्टरचा कागद फाईलला लागू द्या, मग लोकअदालतीचा विचार करा. त्या वेळी "ही रक्कम कशी काढली ते मांडून दाखवा" असं वकिलाला म्हणा. मी वर केलं तसं गणित त्याला कागदावर करता आलं पाहिजे.

मुदतीचं भान ठेवा. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या बदलाप्रमाणे अपघातापासून सहा महिन्यांत दावा दाखल करायचा असतो. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेशात सांगितलंय की केवळ उशीर झाला म्हणून दावे फेटाळू नयेत. तरी त्यावर विसंबून राहू नका, सहा महिन्यांच्या आतच दाखल करा. नव्या नियमांप्रमाणे पोलिसांनीही अपघाताचा सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो आणि तो अहवालच दावा म्हणून धरता येतो. तुमच्या प्रकरणात तो गेला का, हे पोलीस ठाण्यात तपास अधिकाऱ्याला विचारून या. वकिलाला या अहवालाबद्दल काहीच माहीत नसेल तर तीही एक खूण समजा. ठिकाणाची चिंता नको, अपघातही ठाणे जिल्ह्यातला आणि तुमचं घरही, त्यामुळे दावा ठाण्यालाच.

पैशाची एक गोष्ट आधीच पक्की करा. मिस्टरांचं बँक खातं त्यांच्या एकट्याच्या नावावर असू दे, पासबुक आणि चेकबुक घरात. निकालाची रक्कम थेट खात्यात येते, काही भाग न्यायाधिकरण मुदत ठेवीतही ठेवायला सांगतं. आधीच सह्या केलेले कोरे चेक मागणारे लोक आहेत. कुणीही मागितले तरी द्यायचे नाहीत, कितीही ओळखीचा असो.

आणि पुढच्या ड्रेसिंगला किंवा एक्सरेला जाल तेव्हा ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांशी दोन मिनिटं बोला. मिस्टर नेमकं काय काम करतात, शिडी, उंची, वजन, हे त्यांना सांगा आणि केसपेपरवर तशी नोंद करायला विनंती करा. साक्षीला यायला लागलं तर याल का, हेही विचारून ठेवा. वकील ठरायच्या आधी एवढं झालं तर ज्याच्याकडे जाल त्याचं अर्धं काम सोपं होईल.