उमेदवार देव मानतो की नाही, हे बघून मत द्यावं का?

माझ्या मते, नाही. तुम्ही कोणाला मत दिलं आणि का दिलं, हे कोणी विचारू शकत नाही. कायदा बांधतो तो उमेदवाराला. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३ नुसार धर्माच्या नावावर मतं मागता येत नाहीत. विलेपार्ल्याची १९८७ ची पोटनिवडणूक आठवा. प्रचारातल्या भाषणांमुळे रमेश प्रभूंची निवड हायकोर्टाने रद्द केली आणि १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच कायम ठेवलं.

पण श्रद्धा वेगळी आणि त्या श्रद्धेपायी उमेदवार कोणता कायदा आणणार किंवा अडवणार, हे वेगळं. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत नेहरूंविरुद्ध प्रभुदत्त ब्रह्मचारी उभे राहिले ते हिंदू कोड बिलाला विरोध म्हणून. मुलींना वारसा, घटस्फोटाचा हक्क असे प्रश्न त्यात होते. तिथे मतदाराने जरूर तोलावं! नेहरू स्वतः पूजाअर्चेत रमणारे नव्हते, तरी मोठ्या फरकाने निवडून आले.

कपाळावरचा टिळा किंवा डोक्यावरची टोपी प्रचारापुरतीही असते, हे आपण दर निवडणुकीत बघतोच. त्यापेक्षा उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र उघडा. गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण सगळं त्यात असतं. श्रद्धेचा रकाना नाही.