संख्येला माणसात आणताना

प्रश्न : आम्ही पाच मित्र दर रविवारी रोल-प्लेइंग गेम, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र होऊन फाशांच्या आधारे गोष्ट पुढे नेण्याचा खेळ, खेळतो. साक्षात 'संख्या' असलेले स्त्रीपात्र मला घडवायचे आहे. तिला कोणतेही गणित क्षणात सोडवण्याची आणि फाशावर हवे ते दान पाडण्याची शक्ती मी दिली. परंतु खेळ चालवणारा मित्र म्हणतो की मग खेळायला काही उरतच नाही. काय करावे? (एक वाचक, चाळीसगाव)

उत्तर : आपल्या मित्राचे म्हणणे मला पटते. भराभर गणिते सोडवणारी ती हिशेबनीस झाली, संख्या नव्हे. संख्येचा स्वभाव हवा असेल तर तो आपल्या गावाजवळच सापडेल. पाटण येथील शिलालेखात, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी स्थापन केलेल्या मठाला इसवी सन १२०७ मध्ये दान दिल्याची नोंद आहे, आणि त्यातील मराठी भागात बाजारातल्या मालावरील कराचा वाटा मठाला दिल्याचे सांगितले आहे. गणिताची ही शाळा बाजाराच्या मापावर चालत होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. म्हणून आपल्या पात्राला त्या मठाची मापारी करावे. धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणण्याची आपल्याकडची रीत तिच्या तोंडी ठेवावी.

तिची भाषाही अंकांचीच असावी. भास्कराचार्यांनी स्वतःचे जन्मवर्ष 'रसगुणपूर्णमही' असे सांगितले आहे : रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य आणि मही एक, हे अंक उजवीकडून डावीकडे मांडले की शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४, हाती येते. आपली मापारी शत्रूंची संख्या याच पद्धतीने सांगेल आणि सोबत्यांना ती उलगडावी लागेल. बाण म्हणजे पाच, तेव्हा 'गुणबाण' ऐकून घाईने पस्तीस समजणारा फसेल, कारण शत्रू त्रेपन्न असतील.

शक्तीच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा. सहा बाजूंच्या फाशाच्या समोरासमोरील बाजूंची बेरीज सात असते. तेव्हा पडलेला फासा उलटा करणे, एवढेच तिला करता यावे. एकाचे सहा होतील, पण चाराचे तीनच होतील. वाईट दान दरवेळी उलटण्याची मुभा दिली तर सरासरी साडेतीनवरून पाचावर जाते आणि आपल्या मित्राची तक्रार पुन्हा उभी राहते. म्हणून प्रत्येक बैठकीत एकदाच ही मुभा असावी, आणि तिने एक फासा उलटला की पुढे केव्हातरी तिचे एक चांगले दान उलटण्याचा हक्क खेळ चालवणाऱ्याकडे जावा. ते देणे फिटेपर्यंत तिला चैन पडू नये. स्वतःच्या पदरचे काही न घालता मोजणारी संख्या आणि कर्ज अंगावर घेतलेले माणूस, ही ओढाताण तिला जिवंत करील.

तिला प्रतिपक्षही गणितातलाच द्यावा. शून्याने भागलेल्या राशीला भास्कराचार्य 'खहर' म्हणतात, आणि तिच्यात काही मिळवले किंवा तिच्यातून काही वजा केले तरी ती बदलत नाही, हे सांगताना तिची तुलना अनंत अच्युताशी करतात. पहिल्याच प्रसंगात मठाच्या अंगणात असे एक माप ठेवावे, ज्यात कितीही पोती रिती केली तरी पातळी तसूभरही चढत नाही. रांग वाढत जाईल, सूर्य कलेल, आणि मापारी अजून 'लाभ' या शब्दापाशीच अडलेली असेल.