वायरमन काकांना विचारा: स्लॅबला बारा दिवस उरलेत

प्रश्न: काका, नेर तालुक्यातल्या आमच्या गावी घराचं काम चालू आहे. हॉल, दोन खोल्या, स्वयंपाकघर. वरचा मजला पुढे कधीतरी. बारा दिवसांनी स्लॅब आहे. पुण्यातला मुलगा म्हणतो, आता सगळं वायरलेस असतं, जास्तीच्या पाइपांवर पैसे घालवू नका. मिस्त्री म्हणतो, काय ते आताच सांगा, नंतर माझ्या नावानं बोंबलू नका. सासूबाईंना आलेला फोन उचलता येतो, तेवढंच. घरामागे चाळीस मीटरवर टिनाचा गोठा आहे, तिथे कॅमेरा हवा. काय करू?
— एक शिक्षिका, जि. यवतमाळ

उत्तर: ताई, पोरगा अर्धा बरोबर आहे आणि मिस्त्री पूर्ण. फोनवर पेटणाऱ्या दिव्यालाही वीज तारेतूनच जाते. वायरलेस आहे तो फक्त निरोप.

आधी माझी फजिती ऐका. २००९ साली मी स्वतःचं घर बांधलं. लोकांच्या घरचे स्लॅब उन्हात उभं राहून सांभाळणारा मी, स्वतःच्या स्लॅबच्या दिवशी अमरावतीला लग्नाला गेलो. माल ओतताना घमेलं घेऊन पळणाऱ्या कुणाचा तरी पाय पाइपच्या जोडावर पडला, जोड सुटला, आत सिमेंटचं पाणी गेलं. पंधरा दिवसांनी हॉलमधून आतल्या खोलीकडे तार ओढायची स्प्रिंग सरकवली तर सहा फुटांवर थांबली. आजही त्या खोलीची केबल भिंतीवरून केसिंगपट्टीतून जाते, आणि पाहुणे आले की बायको पट्टीकडे बोट दाखवून म्हणते, "हे वायरमनचं घर."

म्हणून पहिलं काम: स्लॅबच्या दिवशी शाळेतून सुटी काढा आणि वायरमनला सकाळपासून तिथेच थांबवा. पाइप आयएसआय मार्काचे, २५ मिमीचे. जोडांना सोल्युशन लावलेलं, पाइप सळईला तारेनं बांधलेले, तोंडं प्लास्टिक गुंडाळून बंद. एका ओढीत दोनपेक्षा जास्त बेंड नकोत, नाहीतर तार ओढताना हाताची सालं निघतात.

नेहमीच्या वायरिंगशिवाय रिकामे पाइप टाकून ठेवा: हॉलमधल्या एका कोपऱ्यातून प्रत्येक खोलीला एक, घराच्या बाहेरच्या दोन कोपऱ्यांना छपराखाली एकेक, आणि वरच्या मजल्याच्या नावानं एक जाड. प्रत्येकात बारीक जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार सोडून ठेवायची, पुढे केबल तिलाच बांधून ओढता येते. आज त्यात काही घातलं नाही तरी चालेल. हॉल आणि मुलाच्या खोलीत मात्र कॅट-६, म्हणजे नेटची केबल, आताच टाका. ती शुद्ध तांब्याची घ्या. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल बाजारात फार आहे. चाकूनं तारेचं टोक खरवडून बघा, आत पांढरं दिसलं की परत करा. ही केबल विजेच्या तारांच्या पाइपात कधीच घालायची नाही. शेजारून समांतर न्यायची झाली तर फूटभर अंतर, आणि ओलांडायचं तिथे काटकोनात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे वायरमन विसरतात: प्रत्येक बोर्डात न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार. आपल्याकडे ज्या बोर्डावर सॉकेट असतं तिथे न्यूट्रल आपसूक येतो. पण जिन्यातला टू-वे (दोन ठिकाणांहून एकच दिवा चालवणारं बटण), बाथरूमबाहेरचं एकटं बटण, अंगणातल्या दिव्याचं बटण, इथे फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी तार, आणतात. स्मार्ट स्विचला स्वतः जिवंत राहायलाही थोडी वीज लागते आणि त्यासाठी न्यूट्रल हवा. न्यूट्रलविना चालणारे स्विच मिळतात, पण ते आपली वीज दिव्यामधून ओढतात. मग छोटा एलईडी बंद केल्यावरही रात्रभर काजव्यासारखा मिणमिणू शकतो. सासूबाई म्हणतील घरात काहीतरी आहे! बोर्डाचे डबेही खोल घ्या.

खोल डबे कशाला, तर सासूबाईंसाठी. काचेचे टच पॅनेल लावू नका. साधी खटक्याची बटणंच ठेवा आणि काड्यापेटीएवढं स्मार्ट स्विचचं मॉड्यूल त्यांच्या मागे डब्यात बसवा. बटण दाबलं तरी दिवा लागतो, पुण्याहून मुलानं फोनवरून लावला तरी लागतो. नेट गेलं तरी बटण बटणाचं काम करतं. आणि आपल्याकडे नेट जातंच. रस्त्यावरून लोंबणाऱ्या फायबरला वांदरं झोके घेतात, त्याला कोण काय करणार.

वायफाय की झिगबी (स्मार्ट वस्तूंचं वेगळं बिनतारी जाळं), असं मुलगा विचारेल. दहा-बारा वस्तूंपर्यंत वायफाय पुरे. या वस्तू बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, आणि विटांच्या जाड भिंतीतून तेच ५ गिगाहर्ट्झपेक्षा बरं पोचतं. राउटर कपाटात कोंडू नका, घराच्या मध्यावर उंच ठेवा आणि त्याचा पॉइंट इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. वस्तू वाढवायच्या असतील तर झिगबी. त्याला वेगळा हब, म्हणजे सगळ्यांना जोडणारा डबा, लागतो, पण न्यूट्रल जोडलेला स्विच बहुतेक वेळा पुढच्याचा निरोप पुढे ढकलतो, त्यामुळे लांबची खोली सुटत नाही. नवीन घेताना मॅटर हे मानक पाळणारी वस्तू बघा. २०२२ मध्ये आलं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तू त्यामुळे एकमेकींशी बोलतात, आणि घरातल्या घरात, नेट नसतानाही.

गोठ्याचं वेगळं. टिनाच्या पत्र्याआड वायफाय जात नाही, तेव्हा कॅमेऱ्याला तारच हवी. कॅट-६ शंभर मीटरपर्यंत चालते, म्हणजे चाळीस मीटर सहज झालं असतं. पण मोकळ्या जागेतून तांबं नेलं की जवळपास पडलेल्या विजेचा झटका त्यातून घरात येतो. मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात आपल्याकडे विजा कशा कडाडतात हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून धातूचं कवच नसलेली फायबर, जमिनीखालून एचडीपीईच्या (जाड प्लास्टिकच्या) पाइपात, उंदरांपासूनही वाचते. दोन्ही टोकांना एकेक मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि नेटची केबल जोडणारा डबा. गोठ्यात दिव्यासाठी वीज असेलच, ती कॅमेऱ्याला पुरेल. मुख्य डीबीत (विजेच्या वाटपाच्या पेटीत) झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर बसवा. अर्थिंगच्या खड्ड्यात मे महिन्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता. काळी माती भेगाळली की खड्डाही कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं.

आणि कुलर. खिडकीजवळ कुलरचा वेगळा पॉइंट, पक्क्या अर्थिंगसह, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (वीज गळाली की लाइन तोडणाऱ्या स्विचवर). पहाटे गारवा आला की फोनवरून बंद करायला स्मार्ट प्लग लावा खुशाल. पण टाकीत पाणी भरताना फोनवर बंद दिसतोय म्हणून हात घालू नका. पिन उपटून बाहेर ठेवायची, मगच पाणी.

प्रश्न: घरचं वायफाय वाढवून दीड किलोमीटरवरच्या वावरातली मोटार चालू करता येईल का? रात्रीच्या लाइनला उठून जावं लागतं.
— एक शेतकरी, ता. आर्णी

उत्तर: वायफायचा नाद सोडा. सिमकार्डवाला मोबाइल स्टार्टर बसवा, वावरात रेंज असली की झालं. फेज कमी असताना आणि विहीर उपसल्यावर मोटार बंद करणारा घ्या. मात्र विहिरीत उतरायच्या आधी मेन खाली पाडून फ्यूज काढून खिशात घालायचे. घरी पोट्ट्यानं गमतीनं बटण दाबलं तर?

प्रश्न: स्मार्ट दिवे लावले. रात्री दोनला गेलेली लाइन आली की घरातले सगळे दिवे पेटतात, लेकरू उठून बसतं.
— एक वाचक, ता. दारव्हा

उत्तर: अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये वीज परत आल्यावरची स्थिती निवडायची सोय बहुतेक वेळा असते. तिथे 'बंद' निवडा. 'आधी होती तशी' हाही पर्याय असतो, पण झोपताना दिवा सुरू राहिला तर तोच पुन्हा पेटेल.