जॉर्जियात निरीक्षक म्हणून जाण्याआधी

तुझा प्रश्न थोडक्यात असा: इंदूर सोडून आठ वर्षं झाली, जर्मन पासपोर्ट हातात येतोय, जॉर्जियातल्या युरोपीय संघाच्या निरीक्षक मिशनसाठी अर्ज करायचाय, सोबत बायको आणि तिसरीतला मुलगा. 'ताई, खरं काय ते सांगा.' पगार, पात्रता, अर्जाची तारीख हे जाहिरातीत मिळेल. बाकीचं सांगते.

आधी कागद, आणि कागदांत आधी नाव. आपलं वडिलांचं नाव जर्मन कागदांत तुझंच दुसरं नाव होऊन बसतं. एका दाखल्यावर ते आहे, दुसऱ्यावर नाही, एवढ्यावर सुरक्षा तपासणी अडते. गोपनीय कागद हाताळायच्या पदांसाठी तपासणी वरच्या दर्जाची असते, तिच्यात जोडीदाराचीही माहिती द्यावी लागते. बायकोचं लग्नात पहिलं नाव बदललं असेल, तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत हे दाखवणारा कागद आत्ताच कर. नगर निगमच्या जुन्या जन्मदाखल्यांवर कित्येकदा बाळाचं नावच नसतं. नाव चढवून नवा दाखला घे, मग जर्मन कार्यालय भारतीय कागदाची जी खातरजमा मागेल ती करून घे आणि सगळ्यात शेवटी जर्मनीतल्या शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतर. घाईत भाषांतर आधी केलंस तर ते पुन्हा करावं लागेल, कारण शिक्क्यांचंही भाषांतर मागतात.

जर्मन नागरिकत्व मिळालं की 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 प्रमाणे भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. जुन्या पासपोर्टवर त्यानंतर 'एकदाच आईला भेटून येतो' म्हणून जाऊ नकोस, दंड पडतो. सरेंडर सर्टिफिकेट (भारतीय पासपोर्ट जमा केल्याचा दाखला) आणि ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं कार्ड) दोन्ही जॉर्जियाला निघण्याआधी उरकून घे. जुना पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत देतात. तो कपाटात कुठल्या खणात ठेवायचा, हे माझं अजून ठरलेलं नाही.

इंदूर आरटीओचा परवाना जर्मनीत राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतो, तेव्हा तिथली परीक्षा दिली नसशील तर आता दे. मॅन्युअल गिअरवरच दे. चिलखती गाडी साध्या जीपपेक्षा कितीतरी जड असते. ब्रेक लावल्यावर ती लांब जाऊन थांबते, चिखलात बसली की सहज निघत नाही, आणि उतारावर तिचं दार सुटलं तर बोटं जातील.

आता काम. ऑगस्ट 2008 च्या रशिया-जॉर्जिया युद्धानंतर, 1 ऑक्टोबर 2008 पासून हे मिशन चालू आहे. शस्त्र नाही, अटकेचा अधिकार नाही. मुख्यालय तिबिलिसीत, क्षेत्रीय कार्यालयं म्त्सखेता, गोरी आणि झुगदिदीला. मँडेट, म्हणजे कामाचा अधिकार, सगळ्या जॉर्जियाचा, पण रशियाच्या पाठिंब्याने फुटून निघालेल्या अबखाझिया आणि दक्षिण ओसेशियात प्रवेश दिला जात नाही. म्हणजे तू कायम एका बाजूने बघणार. 'सीमा' हा शब्द पहिल्या दिवसापासून विसर. तिथे 'प्रशासकीय हद्दरेषा' म्हणायचं. अहवालात एकदा 'सीमा' लिहिलंस की तू एका पक्षाचं म्हणणं मान्य केलंस असं धरलं जातं.

गस्तीवर बघायचं ते बारीक असतं. तारेचं कुंपण मागच्या वेळी कोणत्या झाडापाशी संपलं होतं, आज कुठे संपतंय, नवे खांब किती, रेषा दाखवणारी हिरवी पाटी हलली का, पाटाचं पाणी खाली येतंय का. अहवालात तीन गोष्टी वेगळ्या ठेव: स्वतः पाहिलं, कुणी सांगितलं, आपला अंदाज. नवखे लोक तिथेच घसरतात. म्हातारीने 'काल सैनिक आले होते' म्हटलं आणि अहवालात 'सैनिक आले' असं उतरलं, की दोन्ही बाजूंच्या बैठकीत ते वाक्य कुणीही खोडून काढतं. दक्षिण ओसेशियाच्या बाजूची ही बैठक एर्गनेटी गावात होते. अबखाझियाच्या बाजूची, तिथल्या गालीत व्हायची ती, 2018 पासून बंद आहे. गावकऱ्याचं नाव वहीतसुद्धा लिहू नकोस. दुभाष्याशी नाही, समोरच्याशी बोल, दोन वाक्यांवर थांब.

रेषा सगळीकडे तारेने दाखवलेली नाही. जंगलात, बागांत ती दिसतच नाही. ऑक्टोबर 2019 मध्ये चोर्चाना गावाजवळ मिशनच्याच गस्तीला दुसऱ्या बाजूने अडवून ठेवलं होतं, त्याच दिवशी सोडलं. म्हणून जीपीएस दाखवतो म्हणून पुढे पाऊल टाकायचं नाही, शंका आली की आलेल्याच वाटेने मागे. फोन दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या हॉटलाइनचा असो की गावातून आलेला, गुरामागे गेलेला माणूस पकडला गेलाय असं कळलं की नाव, जन्मतारीख, शेवटचं कुठे आणि किती वाजता दिसला, एवढं नीट घे. घरचे विचारतील, 'तुम्ही जाऊन आणा ना.' आणता येत नाही. हॉटलाइनवरून विचारणा जाते आणि आपण थांबतो. याचं प्रशिक्षण कुणी देत नाही.

शाळा. माझा राग अजून गेलेला नाही, तेव्हा थोडं सवलतीने वाच. तुझी नेमणूक तिबिलिसीत होईल असं धरू नकोस, आणि मुलाच्या जोगी शाळा शोधायची तर तीच एक जागा. शिवाय वेळ बघ. बहुतेक जर्मन राज्यांत चौथीनंतर मूल कुठल्या शाळेत जाणार ते ठरतं. तिसरीत बाहेर नेऊन दीड वर्षाने परत आणलंस तर बरोबर त्या शिफारशीच्या तोंडावर आणशील. मग गणित पक्कं असलं तरी जर्मन निबंधावरून मुलाला एक वर्ग खाली बसवतात आणि 'त्याच्याच भल्यासाठी' म्हणतात. न्यायचंच असेल तर प्रगतिपुस्तकाबरोबर विषयवार अभ्यासक्रम, पुस्तकांची नावं, आठवड्याचे तास, सगळं शाळेच्या शिक्क्यासह लिहून आण. मी नुसते गुण आणले होते.

एकटेपणा येतो. रविवारी दुपारी येतो, संध्याकाळी जातो.

जॉर्जियाचं घड्याळ भारताच्या दीड तास मागे आहे. रात्रपाळीला जाण्याआधी आईला फोन लाव, ती जागी असते. ती इंदूरच्या रामबागेत सगळ्यांना सांगणार, 'मुलगा बॉर्डरवर असतो.' तिला दुरुस्त करायला जाऊ नकोस.