चांदणीला विकू, देऊन टाकू, की सांभाळू?

ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आहे. मुलगी दहा वर्षांची असताना त्यांनी चांदणी नावाचं तट्टू घेतलं. आता चांदणी १७ वर्षांची आहे आणि मुलगी पुण्यात शिकते, तिची दोन वर्षं बाकी आहेत. चांदणीला लॅमिनायटिस, म्हणजे खुरांच्या आत सूज येण्याचा आजार आहे, शिवाय दमा आहे, पावसाळ्यात तो बळावतो. तिच्यावर आता कोणी बसत नाही. मुरबाडच्या तबेल्यात जागा, चारा आणि मोतद्दार (घोड्याची देखभाल करणारा) मिळून महिना १६,००० जातात, नालबंद (खूर कापणारा, नाल ठोकणारा) आणि औषधं ९,०००. घरात दोघांचे मिळून १,६०,००० हातात येतात. त्यातून ईएमआय ४६,०००, मुलीचं शिक्षण ३५,०००, घरखर्च ४५,००० आणि चांदणीचे २५,००० वजा होतात. एसआयपी वर्षभर बंद आहे. मार्चमध्ये १४ लाखांचा पीपीएफ पिकतोय. वरातीचे घोडे पुरवणारा एक माणूस ७०,००० देतो म्हणतो. कर्जतचा एक रिसॉर्टवाला फुकट न्यायला तयार आहे. माळशेज घाटापलीकडे, जुन्नर तालुक्यात आळेफाट्याजवळ यजमानांच्या मित्राची शेती आहे, तो ८,००० महिन्यात ठेवून घेईल. ताई विचारतात, "पीपीएफ तिच्यासाठी राखून ठेवू का? की मन घट्ट करून विकू?"

ताई, मन घट्ट करण्याआधी तुमचाच हिशेब पुन्हा एकदा मांडू या. खर्चाची बेरीज १,५१,००० होते, हातात ९,००० उरतात. ओढाताण आहेच. पण तिचं कारण फक्त चांदणी नाही. मुलीचे ३५,००० दोन वर्षांनी थांबणार आहेत, पुढे ती नोकरी करणार असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे तुमची अडचण साधारण २४ महिन्यांची आहे. २४ महिन्यांच्या अडचणीसाठी परत न फिरवता येणारा निर्णय घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. विक्री हा तसा निर्णय आहे. पीपीएफ मोडून संपवणं हाही जवळपास तसाच.

आधी वरातवाल्याचे ७०,००० बघू. आजच्या खर्चाने ते तीन महिनेही पुरत नाहीत. आणि तो नेमकं काय विकत घेतोय? लॅमिनायटिसमध्ये खुराच्या आतलं हाड बाहेरच्या कवचाशी जखडून ठेवणारा थर सुजतो. अशा पायांनी डांबरी रस्त्यावर, पाठीवर नवरदेव, बाजूला बँड आणि फटाके. चार लग्नांत ती लंगडेल आणि मग तो तिला पुढे विकेल. तिथून ती कुठे जाते हे तुम्हाला कधीच कळणार नाही. आजार लपवून विकणं तर सोडाच. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याप्रमाणे आजारामुळे कामाला नालायक झालेलं जनावर कामाला जुंपणं गुन्हा आहे, आणि मालकाने तसं करू देणं हाही गुन्हा आहे. हा पर्याय मी यादीतून काढून टाकतो.

रिसॉर्ट फुकट आहे म्हणून बरा वाटतो. पण फुकट नेणाऱ्याला तिच्याकडून काहीतरी हवंच असतं, इथे ते म्हणजे मुलांच्या फेऱ्या. शिवाय येणारा प्रत्येक पाहुणा प्रेमाने तिच्या तोंडाशी गूळ, बिस्किटं, चपाती धरणार. लॅमिनायटिस असलेल्या तट्टाला साखर आणि धान्य म्हणजे पुन्हा पाय सुजण्याला आमंत्रण. तिथला खर्च तुमच्या खिशातून जाणार नाही, चांदणीच्या पायांतून जाईल.

राहिला आळेफाटा. माझा कौल तिकडे आहे, पण यजमानांच्या आकडेमोडीत एक चूक आहे. ते २५,००० च्या जागी ८,००० धरतायत. ८,००० ही जागेची, चाऱ्याची आणि देखभालीची रक्कम आहे. औषधं घाटावर गेली म्हणून बंद होत नाहीत. आणि खूर दर सहा ते आठ आठवड्यांनी कापावेच लागतात, लॅमिनायटिसच्या घोड्याचे तर अगदी काटेकोर. नालबंदाचा प्रवासखर्चही वाढेल. म्हणून मी १८,००० धरतो. वाचणारे ७,००० ताबडतोब एसआयपीत वळवा. घाटापलीकडे पाऊस कमी, हवा कोरडी, गवताला बुरशी कमी. त्यामुळे तिचा दमा कदाचित हलका होईल, औषधं थोडी कमी लागतील. पण ती बचत आज कागदावर लिहू नका, झाली तर झाली.

आता पीपीएफ. ते १४ लाख "चांदणीचे" म्हणून ठेवायचे ठरवले तर काय होतं ते बघा. एप्रिल २०२० पासून पीपीएफचा दर ७.१ टक्के आहे, सरकार तो दर तिमाहीला ठरवतं. महागाई ६ टक्के धरली, तर आजच्या २५,००० च्या खर्चाने ही रक्कम पाच वर्षंही पुरत नाही. १८,००० ने साधारण साडेसहा वर्षं पुरते. तट्टं २५ ते ३० वर्षं सहज जगतात. म्हणजे ती २४ ची होईपर्यंत पैसा संपलेला असेल आणि तुमच्या म्हातारपणाचा एक कोपरा रिकामा झालेला असेल.

म्हणून चांदणीचा खर्च पगारातूनच चालू द्या आणि पीपीएफला हात लावू नका. मुदत संपल्यावर खातं बंद न करता, नवीन पैसे न भरता तसंच चालू ठेवता येतं. व्याज करमुक्त मिळत राहतं आणि वर्षातून एकदा हवी तेवढी रक्कम काढता येते. १४ लाखांवर वर्षाचं व्याजच ९९,४०० होतं. उद्या दोघांपैकी एकाची नोकरी गेली, तर चांदणीचा जवळपास निम्मा खर्च त्या व्याजातून निघेल आणि मुद्दल शाबूत राहील. पैसे भरत राहायचं असेल तर मात्र मुदत संपल्यापासून वर्षाच्या आत अर्ज द्यावा लागतो. तुम्हाला सध्या त्याची गरज दिसत नाही.

तुमच्या पत्रात दोन लाखांच्या एका एफडीचाही उल्लेख आहे. त्यातले दीड लाख वेगळे काढून त्यावर चांदणीचं नाव लिहा. पोटशूळ उठला किंवा पाय अचानक सुजले तर रात्रीत निर्णय घ्यावा लागतो, तेव्हा पैशाकडे बघायची वेळ येऊ नये. या वयात, आजार आधीच असताना विमा मिळेल अशी आशा धरू नका. आणि मित्राला दिलेले पैसे देणगी म्हणून करात दाखवता येणार नाहीत. एखाद्या ट्रस्टला दिले असते तरी स्वतःच्याच जनावराच्या खावटीचा पैसा देणगी ठरत नाही, आणि नव्या करप्रणालीत देणगीवरची सवलतही नाही.

मित्र आहे म्हणून तोंडी ठरवू नका. ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर लिहून घ्या: मालकी तुमचीच, ती फक्त सांभाळायला दिली आहे. कोणी बसायचं नाही, गाडीला जुंपायचं नाही, कोणाला पुढे द्यायचं नाही. नालबंद आणि डॉक्टर यांचे पैसे तुम्ही थेट त्यांना द्याल. जमलं नाही तर दोन महिन्यांची सूचना, आणि ती तुमच्याकडे परत. डॉक्टरांनी एकदा तिला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवण्याचा विषय काढला होता, असं तुम्ही अगदी शेवटी, एका ओळीत लिहिलंय. तेही कागदावर आणा. वेदना आवरेनाशा झाल्या तर निर्णय डॉक्टर आणि तुम्ही मिळून घ्याल, आणि तिला तिथेच शेतात पुरायला परवानगी असेल. हे लिहिताना त्रास होईल. पण पैसे संपत आले म्हणून तो दिवस लवकर येऊ नये, आणि जीव तुटतो म्हणून तिच्या वेदना लांबू नयेत.

त्या भागाच्या दोन गोष्टी आधी जाऊन बघा. एक, जुन्नर तालुक्यात बिबट्यांचा वावर आहे. गोठा चारही बाजूंनी बंद, रात्री कडी लागणारा हवा. जाळी आणि दार करायला खर्च आला तर तो तुम्ही करा, मित्रावर टाकू नका. दुसरी, तो उसाचा पट्टा आहे, गुरांना वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे घालतात. चांदणीला वाढं, पेंड, चंदी (घोड्याचं धान्य) काहीही नको. वाळलेलं गवत भिजवून, निथळून घालायचं. भिजवल्याने धूळ बसते आणि गवतातली साखरही काही प्रमाणात निघून जाते, म्हणजे दम्याला आणि पायांना दोन्हींना बरं. सांभाळणाऱ्या माणसाला हे तुम्ही स्वतः उभं राहून दाखवा.

मुरबाडची जागा लगेच सोडू नका. एक महिन्याचं भाडं जास्तीचं जाऊ द्या, तेवढ्यात चांदणी आळेफाट्याला रुळते का ते कळेल. न्यायचं असेल तर पावसाच्या आधी, एप्रिलमध्येच न्या. जूननंतर माळशेज घाटात दरडी कोसळतात. उन्हं तापायच्या आत घाट चढून व्हावा म्हणून पहाटे निघा. आणि मुलीला त्या दिवशी ठाण्याला बोलावू नका. पुणे–नाशिक रस्त्याने ती थेट आळेफाट्याला येऊ शकते. मुरबाडपेक्षा तिला ते कितीतरी जवळ पडेल, पुढची दोन वर्षं एखाद्या रविवारी सहज जाऊन येण्याइतकं.