वाचकांचे प्रश्न : प्रवाळातले मासे आणि त्यांचे जीवाणू

प्रश्न : सुट्टीत आम्ही मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर गेलो होतो. तेथे पाण्याखाली एकाच खडकाभोवती कितीतरी जातींचे मासे फिरताना दिसले. हे सगळे मासे एकाच पाण्यात राहतात, मग त्यांच्या शरीरातले जीवाणूही एकसारखेच असणार ना? – एक शिक्षिका, खानापूर

उत्तर : तसे वाटणे स्वाभाविक आहे, पण माशाच्या आतड्यातले जीवाणू आणि त्याच्या भोवतालच्या पाण्यातले जीवाणू यांची तुलना केली, तर दोन्हींत मोठी तफावत आढळते. पाणी सर्वांचे एक असले तरी प्रत्येकाचे पोट वेगळे आणि त्या पोटात जाणारे अन्नही वेगळे. तांबोशी किंवा गोब्रा यांच्यासारख्या मांसाहारी माशांच्या आतड्यात व्हिब्रिओ आणि फोटोबॅक्टेरियम या गटांतले जीवाणू बहुधा मोठ्या संख्येने सापडतात. शैवाल खाणाऱ्या माशांत मात्र ऑक्सिजनशिवाय जगणारे आणि वनस्पतिजन्य पदार्थ आंबवणारे जीवाणू अधिक असतात. आपल्याकडच्या म्हशीच्या कोटीपोटात वैरण जशी जीवाणूंच्या मदतीने आंबते, तसेच काही शाकाहारी माशांच्या आतड्याच्या मागच्या भागात घडते आणि त्यातून तयार होणारी आम्ले माशाला ऊर्जा पुरवतात.

याचे सर्वांत नवलाचे उदाहरण सर्जनफिश या शैवाल खाणाऱ्या माशाच्या पोटात सापडते. १९८५ मध्ये तांबड्या समुद्रातल्या सर्जनफिशच्या आतड्यात संशोधकांना एक लांबट, साध्या डोळ्यांनाही दिसेल एवढा एकपेशीय जीव आढळला. तो पुढे एप्युलोपिसियम या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याची लांबी अर्ध्या मिलिमीटरच्याही पुढे जाते, तर आपल्या आतड्यातला नेहमीचा ई. कोलाय मिलिमीटरच्या सुमारे पाचशेव्या भागाएवढा असतो. एवढ्या आकाराचा जीव जीवाणू असेल, हे प्रथम कोणाच्या ध्यानीमनीही आले नाही. १९९३ मध्ये त्याच्या जनुकांची तुलना केल्यावर तो जीवाणूच असल्याचे सिद्ध झाले आणि त्या काळापुरता तो ज्ञात जीवाणूंत सर्वांत मोठा ठरला. त्याची पिल्ले मातृपेशीच्या आत वाढतात आणि तिला फोडून बाहेर पडतात. शिवाय हे चक्र माशाच्या दिवसरात्रीच्या दिनक्रमाशी जुळलेले असते. मासा दिवसा चरतो आणि रात्री खडकाच्या कपारीत विसावतो, त्याच तालावर त्याच्या पोटातला हा पाहुणाही वाढतो.

केवळ ‘शाकाहारी’ म्हटल्याने मात्र भागत नाही. सर्जनफिशच्या शेजारीच पॅरटफिशही खडक खरवडत असतो. त्याला जठर नसते. घशातल्या दातांनी तो खडकासकट सारे काही दळतो आणि उरलेली वाळू मागे टाकतो. त्यामुळे एकाच खडकावर चरूनही या दोघांच्या पोटातले जीवाणू सारखे नसतात. कुळाचा वाटाही यात आहे. आतड्याची लांबी आणि ठेवण पूर्वजांकडून येते, आणि आहारही बहुधा कुळाप्रमाणेच ठरलेला असतो, त्यामुळे या दोन कारणांची फारकत करणे अभ्यासकांना अवघड जाते. माझ्या मते आतड्यापुरते बोलायचे तर आहाराचे पारडे जड आहे.

प्रश्न : हे जीवाणू मासा जन्मतःच घेऊन येतो की समुद्रातून मिळवतो? – प्राणिशास्त्राचा एक विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : बहुतेक जीवाणू तो बाहेरूनच मिळवतो. प्रवाळातल्या बऱ्याच माशांची पिल्ले आधी खुल्या समुद्रात वाहत राहतात आणि मग एखाद्या खडकावर येऊन स्थिरावतात. हा मुक्काम बदलला की खाणे बदलते आणि त्याबरोबर आतड्यातली वस्तीही बदलते. सर्जनफिशची पिल्ले आपले जीवाणू मोठ्या माशांच्या विष्ठेतून मिळवत असावीत, असे मानले जाते. ऐकायला हे किळसवाणे वाटेल. पण प्रवाळात एका माशाची विष्ठा दुसऱ्याने खाणे ही रोजची गोष्ट आहे.

सिफामिया हा जेमतेम बोटाच्या पेराएवढा मासा या बाबतीत फार चोखंदळ आहे. दिवसा तो सी-अर्चिन या काटेरी सागरी प्राण्याच्या लांब काळ्या काट्यांत दडून बसतो आणि रात्री शिकारीला बाहेर पडतो. त्याच्या पोटाकडच्या बाजूला, आतड्याशी जोडलेला एक प्रकाशणारा अवयव असतो आणि त्यात फोटोबॅक्टेरियम मंडपामेन्सिस नावाचे जीवाणू राहतात. तामिळनाडूतल्या मंडपमचे नाव या जीवाणूला मिळाले आहे. माशाचे पिल्लू हा जीवाणू पाण्यातून नेमका टिपून घेते, आणि मोठ्या माशाच्या अवयवातले जादा जीवाणू आतड्यावाटे पुन्हा पाण्यात सोडले जातात.

त्वचेची गोष्ट आणखी वेगळी आहे, कारण माशाच्या अंगावरच्या बुळबुळीत थरातले जीवाणू आतड्यातल्या जीवाणूंपेक्षा अधिक चंचल असतात. समुद्रफुलात, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या पण दंश करणाऱ्या सागरी प्राण्यात, राहणाऱ्या क्लाउनफिशवर झालेल्या प्रयोगांत, समुद्रफुलाशी लगट सुरू झाल्यावर माशाच्या त्वचेवरचे जीवाणू बदलले आणि दोघांना वेगळे केल्यावर ते पुन्हा पूर्वीच्या वळणावर गेले. या बदलामुळेच मासा दंशापासून वाचतो, असा निष्कर्ष मात्र एवढ्यावरून काढता येत नाही.

प्रश्न : माझ्याकडे खाऱ्या पाण्याची टाकी असून तीत एक पिवळा सर्जनफिश आहे. तो कोळंबीच्या गोळ्या आवडीने खातो. दुकानात मिळणारे बाटलीतले जीवाणू टाकीत घातल्यास त्याचे पचन सुधारेल का? – एक मत्स्यप्रेमी, चिकोडी

उत्तर : सुधारणार नाही. त्या बाटलीत बहुधा माशांच्या मलमूत्रातून निघणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू असतात. ते गाळणीत आणि दगडांवर वस्ती करतात. टाकीसाठी ते आवश्यकच आहेत, पण माशाच्या आतड्याशी त्यांचा संबंध नाही. एप्युलोपिसियमबद्दल विचाराल, तर त्याला माशाबाहेर प्रयोगशाळेत वाढवण्यात अद्याप यश आलेले नसल्यामुळे तो बाटलीत मिळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आपल्या हातात आहे तो आहार. नोरीसारखे सुकवलेले समुद्री शैवाल चिमट्याने काचेला लावून ठेवावे, म्हणजे मासा दिवसभर थोडे थोडे कुरतडत राहील, आणि कोळंबी अधूनमधूनच द्यावी. गरज नसताना टाकीत प्रतिजैविके ओतू नयेत. ती रोगजंतू आणि उपयुक्त जीवाणू असा भेद करत नाहीत.

प्रश्न : प्रवाळ मेले तर माशांच्या पोटातल्या जीवाणूंवर काही परिणाम होतो का? – एक निवृत्त मुख्याध्यापक, शहापूर, बेळगाव

उत्तर : होतो, विशेषतः प्रवाळावरच गुजराण करणाऱ्या माशांच्या बाबतीत. पनामाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर बटरफ्लायफिशच्या एका जातीचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रवाळ बऱ्या स्थितीत असलेल्या ठिकाणी या माशांच्या आतड्यात एंडोझोइकोमोनास या जीवाणूंचे प्राबल्य होते, आणि हे जीवाणू प्रवाळातही आढळतात. प्रवाळ नष्ट झालेल्या खडकांवर मात्र एकाच जातीच्या दोन माशांच्या पोटांतही मेळ राहिला नव्हता आणि आंबवणाऱ्या जीवाणूंचे प्रमाण वाढले होते. मासा जिवंत होता, पोहत होता, पण मिळेल ते खाऊन दिवस काढत असावा. लक्षद्वीपच्या प्रवाळांना १९९८, २०१० आणि २०१६ मधल्या उष्ण पाण्याचा तडाखा बसला आहे, त्यामुळे असा अभ्यास आपल्या समुद्रातही व्हायला हवा.

प्रश्न : मालवण आणि गोव्याकडचे मासे घाट चढून आमच्याकडे येतात. त्यांच्यातले हे जीवाणू आपल्याला अपायकारक आहेत का? – एक गृहिणी, निपाणी

उत्तर : मासा ताजा असून नीट शिजवला असेल, तर काळजीचे कारण नाही. बांगडा हा प्रवाळातला मासा नव्हे, पण जपायचे ते त्याच्या आणि कुप्याच्या बाबतीत. हे मासे बर्फाविना राहिले, तर कल्ल्यांतले आणि आतड्यातले काही जीवाणू मांसात हिस्टामिन तयार करतात, आणि ते कितीही उकळले तरी जात नाही. त्यामुळे अंगावर गांधी उठणे, चेहरा लाल होणे असा त्रास होतो. बर्फात ठेवलेलाच बांगडा घ्यावा, घरी आणताच कल्ले आणि आतडी काढून टाकावीत, आणि कालवण लगेच करायचे नसेल तर मासा शीतकपाटात ठेवावा.