रंगवलेल्या काचेवर लेझरने कोरल्यावर धुरकट थर राहतो, पॉवर वाढवूनही जात नाही. काय करावं?

काळा स्प्रे मारलेली काच, नक्षी कोरून झाली, रंग बहुतेक उडाला, पण कोरलेल्या भागावर तपकिरी थर तसाच. प्रश्नात एवढंच दिलंय, मशीन कोणतं ते नाही. म्हणून डायोड (निळ्या प्रकाशाचं) आणि सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूचं, अदृश्य किरणाचं), ही लेझर मशीनची दोन्ही प्रकार धरून सांगतो.

आधी पॉवर वाढवणं थांबवा आणि तो थर कशाचा आहे ते बघा. एका कोपऱ्यात ओलं फडकं फिरवा. फडकं काळं झालं तर ती नुसती काजळी. पाण्याने हललं नाही, पण आयसोप्रोपिल अल्कोहोल लावल्यावर मऊ पडलं किंवा ब्लेडने खरवडून निघालं, तर तो रंगातल्या रेझिनचा (रंग धरून ठेवणाऱ्या चिकट घटकाचा) अर्धवट जळलेला पापुद्रा. कशालाच दाद देत नसेल तर मामला काचेतच गेलाय.

काजळीवरचा उपाय सोपा आहे. एक्झॉस्ट (धूर ओढून घेणारा पंखा) मशीनच्या मागच्या बाजूला असेल तर कोरणं पुढून सुरू करून मागे न्या, म्हणजे धूर कोरून झालेल्या भागावरून न जाता अजून न कोरलेल्या रंगावरून जाईल. सुरू करण्याआधी रंगावर भांडी घासायच्या लिक्विड साबणाचा अगदी पातळ हात फिरवला तर काजळी नंतर पाण्याने धुऊन जाते.

खरा त्रास पापुद्र्याचा. डायोडचा निळा प्रकाश, साधारण 450 नॅनोमीटर तरंगलांबीचा, स्वच्छ काचेतून आरपार जातो. उष्णता तयार होते ती रंगात. वरचा जाड थर उडाला की उरलेला पातळ थर फारसा प्रकाश शोषतच नाही, आणि जी थोडी उष्णता होते ती काच ओढून घेते. म्हणून पॉवर वाढवून उपयोग होत नाही. सीओटूचं उलट आहे: त्याचा 10.6 मायक्रॉनचा किरण काच स्वतःच शोषते, त्यामुळे पॉवर वाढवली की पृष्ठभागाचे बारीक टवके उडतात आणि उरलेला रंग त्या फटींत जाऊन बसतो. मग तो घासून निघत नाही.

पापुद्रा पट्ट्यापट्ट्यांचा दिसतोय का? तसं असेल तर लाइन इंटरव्हल (कोरण्याच्या दोन ओळींमधलं अंतर) किरणाच्या ठिपक्यापेक्षा मोठा आहे, 0.1 मिमी असेल तर 0.08 करून पाहा. सगळीकडे सारखा असेल तर फोकसवर संशय घ्या, विशेषतः रंगाची बाजू खाली ठेवून डायोडने काचेतून कोरत असाल तर. काचेत किरण वळतो, त्यामुळे फोकस अपेक्षेपेक्षा खोल जातो. 4 मिमी काच असेल आणि फोकस वरच्या पृष्ठभागावर लावला असेल, तर लेझरचं हेड 4 नव्हे, साधारण 2.7 मिमी खाली घ्यायचं. शिवाय काच बेडला टेकवून ठेवू नका, खाली हवेला वाट हवी.

रंग पातळ मारा आणि पूर्ण सुकू द्या. हाताला कोरडा लागतो म्हणजे सुकला असं नाही. आतून मऊ असलेला रंग जळून उडण्याऐवजी वितळून पसरतो. एवढं करूनही थर राहिला तर पहिला पास (कोरण्याची एक फेरी) झाल्यावर काच न हलवता पुसून घ्या, अल्कोहोल पूर्ण उडून जाऊ द्या (ओल्या काचेवर लेझर चालवणं म्हणजे आगीला आमंत्रण) आणि मग कमी पॉवरचा दुसरा पास द्या. मधलं पुसणं बहुतेक जण गाळतात, माझ्या मते फरक तिथेच पडतो.

शेवटची सफाई ब्लेडने. काच ओली ठेवा, पातं जवळजवळ आडवं धरा आणि नक्षीच्या कडेपासून आतल्या बाजूला खरवडा. अ‍ॅसिटोन वापरू नका. ते राहिलेल्या रंगाच्या कडेखाली शिरतं आणि सगळी नक्षी फुगते.

पांढऱ्या रंगाची गोष्ट वेगळी. त्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड डायोडच्या उष्णतेने काळं पडून काचेला कायमचं चिकटतं. टाइलवर काळी चित्रं उमटवणारे हे मुद्दाम करतात. तुम्हाला स्वच्छ काच हवी असेल तर डायोडखाली पांढरा रंग ठेवूच नका.

आणि तो रंग नसून विनाइलची फिल्म असेल तर मशीन लगेच बंद करा. पीव्हीसी जळताना निघणारा हायड्रोजन क्लोराइड फुफ्फुसांना घातक आणि मशीनच्या धातूलाही गंज चढवणारा.

मशीन कोणतं, काच किती जाड आणि रंगाची बाजू वर की खाली, हे कळवलंत तर स्पीड आणि पॉवरचे आकडेही सुचवतो.